साडेआठ टनांची दोन यंत्रे, एक डक्ट कूलर आणि नव्वद खुर्च्या

नागपूरच्या प्रतापनगर भागातील आमच्या अभ्यासिकेत बसवलेल्या वातानुकूलन यंत्रणेला येत्या मार्चमध्ये दोन वर्षे पूर्ण होतील. दोन उन्हाळे, दोन पावसाळे आणि दोन हिवाळे तिने काढले आहेत, त्यामुळे आता तिच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. यंत्रे चांगली आहेत, ती बसवणाऱ्या कंत्राटदाराचे हवेचे काम पहिल्या वर्षी सुमार होते आणि आम्ही पाठपुरावा केल्यावर ते बरे झाले, हा माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. ज्यांच्याकडे मंगल कार्यालयाचे, शिकवणी वर्गाचे किंवा दवाखान्याचे असे काम निघाले आहे, त्यांनी मात्र पुढचे वाचावे, कारण आमचा पैसा यंत्रांवर गेला आणि मनस्ताप पत्र्याच्या डक्टांनी (हवा नेणाऱ्या मोठ्या नळांनी), एका वाकड्या नसलेल्या पाइपाने आणि गच्चीवरच्या एका कोपऱ्याने दिला.

सभागृह वरच्या मजल्यावर आहे. लांबी साठ फूट, रुंदी तीस, उंची अकरा, आणि डोक्यावर थेट स्लॅब. नव्वद खुर्च्या आहेत आणि सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत त्यांवर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली असतात. पूर्वी खिडक्यांना सहा मोठे कूलर लावलेले असत. दर फाल्गुनात ताट्या बदलायच्या, टुल्लू पंप तपासायचे, आणि तरीही मे महिन्यात मागच्या रांगेला वाऱ्याची झुळूक नाही व पुढच्या रांगेतल्या मुलांचे कागद उडताहेत, असा कारभार होता. जुलैत तर हेच कूलर सभागृहाची अंघोळीची खोली करून टाकत. मी निवृत्त होण्यापूर्वी एका कारखान्याच्या देखभाल विभागात होतो, म्हणून समितीने हे काम माझ्या गळ्यात घातले.

घेतले ते असे: प्रत्येकी साडेआठ टनांची दोन डक्टेबल यंत्रे, गरम आणि थंड दोन्ही करणारी, गच्चीवर दर मिनिटाला दहा हजार घनफूट हवा ढकलणारा एक मोठा डक्ट कूलर, पत्र्याचे डक्ट, सभागृहात हवा सोडणाऱ्या जाळ्या म्हणजे ग्रिल, फिल्टर आणि वायरिंग. सगळे मिळून पावणेबारा लाख. दुसऱ्या एका कंत्राटदाराने ‘थोडे जास्तच घ्या’ म्हणत बावीस टन सुचवले होते. ते आम्ही नाकारले, आणि का नाकारले ते पावसाळ्याच्या प्रकरणात येईल.

‘टन’ या शब्दाने बरेच लोक फसतात, म्हणून तेवढे स्पष्ट करतो. तो यंत्राच्या वजनाचा आकडा नाही. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता ओढून बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. यंत्र गारवा तयार करत नाही, ते आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, कमी दाबाखाली वायूचे द्रव रूप उकळते आणि उकळताना खोलीतल्या हवेची उष्णता घेते. कॉम्प्रेसर तो वायू दाबून तापवतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. हमाल एका दाराने आत येतो, ओझे उचलतो आणि दुसऱ्या दाराने बाहेर नेऊन टाकतो, असा हा प्रकार आहे. हमाल कितीही धडधाकट असला तरी दोन्ही दारे मोकळी नसतील तर त्याचा उपयोग नाही, आणि आमच्याकडे दोन्ही दारे अडलेली होती.

पहिले दार गच्चीवरचे. पहिल्याच मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू झाला आणि रोज दुपारी तीनच्या सुमारास दुसरे यंत्र बंद पडू लागले. अर्धा तास थांबून बटण दाबले की चालू, पुन्हा वीस मिनिटांत बंद. कंत्राटदाराचा मेकॅनिक आला, पाइपाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, “काकाजी, गॅस कमी झाला असन, टाकून देतो.” हे निदान नागपुरातल्या प्रत्येक बंद एसीचे होते. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधल्याशिवाय भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय गॅस कमी असता तर दाब कमी होऊन यंत्र थांबले असते. आमचे यंत्र दाब वाढल्यामुळे थांबत होते. पॅनेलवरचा लाल दिवा उच्च दाबाचा होता आणि मेकॅनिकने तो पाहिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता डोक्याला दुपट्टा बांधून मी स्वतः थर्मामीटर घेऊन गच्चीवर गेलो. सावलीतली मोकळी हवा ४४ अंश होती. दुसऱ्या बाहेरच्या यंत्राच्या कॉइलच्या तोंडाशी ५३. कारण डोळ्यांसमोर होते: पाण्याच्या टाकीची भिंत आणि कठडा यांच्या कोपऱ्यात दोन्ही यंत्रे समोरासमोर बसवली होती आणि पहिल्याने फेकलेली गरम हवा दुसरे ओढून घेत होते. तांब्याचा पाइप कमी लागावा म्हणून निवडलेली ती जागा होती. यंत्राच्या पाटीवरचे साडेआठ टन हे बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेले असतात. ३५ अंश म्हणजे आमच्याकडे मार्चमधली दुपार. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंशही पाहिले आहेत. बाहेर जितके जास्त तापलेले, तितका कॉम्प्रेसरला दाब जास्त, वीज जास्त आणि पदरात पडणारा गारवा कमी. ५३ अंशांच्या हवेत त्या यंत्राने हात टेकले, यात त्याचा दोष नव्हता.

यंत्रे सरकवण्याचे पत्र कंत्राटदाराला दिले, तेव्हा ‘सगळीकडे असेच बसवतो’ हे उत्तर मिळाले. सगळीकडे असेच बसवतात हे खरेच आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या इमारतींच्या मागच्या गल्ल्यांत नुसते वर पाहत चालले तरी पटेल. शेवटी निम्मा खर्च आम्ही दिला. दोन्ही यंत्रे मोकळ्या बाजूला तोंड करून, भिंतीपासून अंतर राखून बसवली आणि वर सात फुटांवर हिरवी जाळी ताणली. जाळी यंत्राला चिकटून लावली तर तीच हवा अडवते, म्हणून उंचीचा आग्रह धरला. त्याच आठवड्यात स्लॅबवर पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात मारून घेतले. दुसऱ्या वर्षीच्या नवतप्यात यंत्र एकदाही त्या कारणाने थांबले नाही.

दुसरे दार आतले, आणि त्याची गोष्ट अधिक लांब आहे, कारण तिथे दोष दिसत नव्हता. सभागृह गार होते. तरीही दुपारी चारनंतर मुले पेंगत, डोके जड झाल्याचे सांगत, आणि एक मुलगी तर म्हणाली की काका, इथे थंड वाटते पण श्वास पुरत नाही. तिचे म्हणणे मला तेव्हा काव्यात्म वाटले होते. एका परिचिताकडून कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे यंत्र आणले, तेव्हा बाहेर ४३० आणि सभागृहात, सर्व खुर्च्या भरलेल्या असताना, २,६०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) हा आकडा दिसला.

डक्टेबल यंत्रणेत सभागृहातली हवा परत ओढून, फिल्टरमधून गाळून, कॉइलवरून फिरवून पुन्हा आत सोडतात. एका टनामागे मिनिटाला सुमारे चारशे घनफूट या हिशेबाने आमची यंत्रे जवळजवळ ६,८०० घनफूट हवा फिरवतात. या फिरत्या हवेत काही भाग बाहेरची ताजी हवा मिसळावी लागते. आम्ही माणशी मिनिटाला पंधरा घनफूट ठरवले होते, म्हणजे नव्वद जणांना १,३५०. त्यासाठी डक्टला वेगळे तोंड आणि त्यावर पत्र्याची उघडझाप करणारी पट्टी, म्हणजे डॅम्पर, बसवलेला होता. शिडी लावून वर पाहिले तर तो डॅम्पर पूर्ण बंद करून वर चिकटपट्टी मारलेली.

हे मुद्दाम केलेले होते, आणि त्यामागचे गणित मला समजते. बाहेरची ४३ अंशांची १,३५० घनफूट हवा २४ अंशांवर आणायची म्हटली की नुसत्या तिच्यावर चार टन खर्च होतात. नव्वद माणसांच्या अंगची उष्णता आणखी तीन टनांच्या आसपास. उरलेल्या क्षमतेत स्लॅब, भिंती, खिडक्या, दिवे आणि लॅपटॉप भागवायचे, आणि तेही गच्चीवरची यंत्रे गुदमरलेली असताना. थंडावा कमी पडतो अशी तक्रार येण्यापेक्षा ताजी हवा बंद करणे सोपे, कारण गारवा प्रत्येकाला कळतो आणि शिळी हवा कुणाला दिसत नाही. गच्चीवरचे काम झाल्यावर चिकटपट्टी काढली, डॅम्पर ठरल्याप्रमाणे उघडला, आणि चार वाजताचा आकडा १,१०० वर आला. गारवा जाणवण्याइतका कमी झाला नाही. थर्मोस्टॅट आम्ही २५ वर कुलूपबंद ठेवतो आणि छताचे पंखे हळू चालू ठेवतो. मुले १८ मागतात, पण १८ मागितल्याने यंत्र लवकर गार करत नाही, फक्त उशिरा थांबते.

डक्टांबद्दल थोडे. जोडांना गॅस्केट न लावता नुसते बोल्ट आवळले होते. उदबत्ती पेटवून प्रत्येक जोडाजवळ धरली, आणि जिथे धूर सरळ वर न जाता फाटत होता तिथे खडूने खूण केली. एकोणीस खुणा झाल्या. हे काम करताना खाली बसलेल्या मुलांनी मी वास्तुशांत करतो आहे असा समज करून घेतला होता. जोड सिलिकॉनने भरून घेतल्यावर शेवटच्या ग्रिलमधून येणारी हवा हाताला कळण्याइतकी वाढली. हे अर्ध्या दिवसाचे आणि दोनेक हजारांचे काम होते. ते मुळातच का केले नाही, याचे उत्तर मिळाले नाही.

आता कूलरकडे वळतो, कारण या यंत्रणेतला माझ्या मते सर्वांत शहाणा भाग तोच आहे. नागपूरच्या उन्हाळ्याची हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेला पाण्याची तहान असते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरले की तो जो आकडा दाखवतो, तिथपर्यंतच कूलर हवेला उतरवू शकतो, त्याखाली नाही. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या दुपारी हा ओल्या फडक्याचा आकडा साधारण २४ येतो. चांगली जाळीदार ताटी त्या अंतराचा चार-पंचमांश भाग कापते, म्हणजे ग्रिलमधून २८ अंशांच्या जवळपासची हवा येते. हे सर्व एका पाच अश्वशक्तीच्या ब्लोअरवर आणि लहान पंपावर, म्हणजे साडेचार किलोवॅटच्या आत होते. दोन्ही एसी यंत्रे चालली तर मे महिन्यात वीस-बावीस किलोवॅट लागतात. मार्च आणि एप्रिल आम्ही जवळजवळ पूर्ण कूलरवर काढतो आणि मे महिन्यात दुपारी बारा ते सहा एवढ्यापुरते कॉम्प्रेसर चालवतो.

हवेला हवी तेवढी ओल द्यायची ही युक्ती या गावाला नवीन नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली होती, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. तिकडे न्यूयॉर्कमध्ये विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये ज्या यंत्रणेचा आराखडा केला, ती नेमकी उलट अडचणीसाठी होती: छापखान्यातला कागद दमट हवेने फुगत होता. माणसांच्या सुखाचा विचार दोन्हीकडे नंतरचा.

कूलर स्वस्त आहे, पण फुकट नाही, आणि ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिटाएवढी उष्णता घेते. त्या हिशेबाने आमचा कूलर कडक दुपारी तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी हवेत उडवतो. त्याखेरीज टाकीतले पाणी सतत थोडे थोडे बाहेर सोडावे लागते, कारण वाफ होते ते शुद्ध पाणी आणि मागे राहतात ते क्षार. पहिल्या वर्षी हे सोडलेच नाही, तेव्हा एप्रिलच्या अखेरीस ताट्यांवर खडूसारखा पांढरा थर चढला आणि खालच्या भागातून हवा जाईना. आता ते पाणी नळीने कंपाउंडच्या कडुनिंबांना जाते. आठ तासांत हजार-बाराशे लिटर पाणी, तेही शहरात टँकर फिरू लागतात त्या दिवसांत. हा हिशेब मांडूनच कूलर घ्यावा.

आणखी एक. कूलरला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद. कूलर जितकी हवा आत ढकलतो तितकी बाहेर गेली नाही, तर सभागृह दमट होते आणि गारवा मरतो. एसी चालू असताना तीच खिडकी उघडी राहिली तर पैसे रस्त्यावर. एकाच सभागृहात दोन्ही बसवायचे असतील तर कूलरच्या डक्टला घट्ट बसणारा डॅम्पर हवाच. आमच्याकडे तो नव्हता, म्हणजे एसी चालू असताना गार हवा कूलरच्या डक्टमधून उलटी गच्चीवर जात होती. एका सकाळी गच्चीवर गेलेल्या शिपायाला कूलरच्या ताट्यांजवळ गार झुळूक लागली आणि कूलर बंद असल्याचे पाहून तो घाबरून खाली आला, तेव्हा हा उलगडा झाला. डॅम्पर बसला आहे आणि तो उघडल्याशिवाय कूलर सुरू होत नाही अशी जोडणी करून घेतली आहे.

पावसाळा आला की कूलरची सद्दी संपते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तेव्हा ओल्या फडक्याचा आकडा २८ च्या घरात असतो; मग कूलर दोनच अंश उतरवणार आणि वर ओल वाढवणार. या दिवसांत एसीचे खरे काम गार करण्याइतकेच हवा पिळून काढण्याचे असते. कॉइल इतकी थंड असते की थंड पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात तसे हवेतले पाणी तिच्यावर जमते आणि तबकातून नळीने बाहेर जाते. बावीस टन का नाकारले, ते इथे. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा झटपट गार करते आणि थर्मोस्टॅटचा आकडा गाठून थांबते; थर्मोस्टॅटला तापमान कळते, ओल कळत नाही. पाणी पुरते निघण्यापूर्वीच यंत्र थांबले की सभागृह गार आणि चिकट असे विचित्र होते. लहान यंत्र बराच वेळ चालले तर ते कोरडेपणाही देते. गर्दी कमी असलेल्या जुलैच्या सकाळी आम्ही दोनपैकी एकच यंत्र चालवतो.

पण पहिल्या जुलैत ही चर्चा करण्याची चैन आम्हाला नव्हती, कारण छतातून पाणी गळत होते. पाऊस थांबलेला असतानाही, सातव्या रांगेवर, आणि तेही यंत्र बंद केल्यानंतर पाच मिनिटांनी धो धो. यंत्र चालू असताना मात्र निचऱ्याच्या नळीतून थेंबही येत नसे. मेकॅनिकने नळी फुंकून पाहिली, नळी मोकळी होती; त्याने तबक बदलण्याचा खर्च सांगितला.

कारण त्या वाकड्या नसलेल्या पाइपात होते. आमच्या यंत्रात ब्लोअर कॉइलच्या पुढे आहे आणि तो हवा ओढतो, म्हणून कॉइलच्या पेटीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. नळी सरळ असेल तर त्या नळीतूनच बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाण्याला बाहेर पडू देत नाही. पाणी तबकात साचत राहते, थोडे उडून डक्टमध्ये जाते, आणि ब्लोअर थांबला की अडवणारे कुणी नसल्याने सगळे एकदम लोटते. बेसिनखाली जसा यू आकाराचा पाइप असतो आणि त्यात पाणी अडून राहते, तसाच इथे हवा असतो, आणि ब्लोअरच्या ओढीपेक्षा जास्त खोल. प्लंबरने तीनशे रुपयांच्या पाइपात दोन्ही यंत्रांना तो करून दिला. त्या संध्याकाळी मी एका यंत्राच्या नळीखाली पंधरा लिटरची बादली ठेवून घड्याळ लावून बसलो. सव्वा तासात ती काठोकाठ भरली. नव्वद मुलांचा श्वास, घाम आणि जुलैची हवा यांतून निघालेले ते पाणी स्वच्छ, गार होते आणि धुळीचा मंद वास होता. उन्हाळाभर हा यू कोरडा पडतो, म्हणून मृग लागला की त्यात तांब्याभर पाणी ओतायचे, हे शिपायाच्या वहीत लिहिलेले आहे.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात. नागपूरला हीटर कशाला, असे समितीतल्या तिघांनी विचारले होते. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे ३.५ अंश नोंदले गेले होते आणि सकाळी सहाला येणारी मुले हातमोजे घालून उत्तरे लिहीत, हे त्यांना आठवून द्यावे लागले. कंत्राटदाराने डक्टमध्ये बारा किलोवॅटचे तापणाऱ्या तारांचे हीटर सुचवले होते. आम्ही त्याऐवजी तेच एसी उलटे चालवणारी यंत्रे घेतली. त्यांत एक चार तोंडांचा व्हॉल्व्ह असतो; तो फिरला की बाहेरची कॉइल थंड आणि आतली गरम होते, म्हणजे आमचा हमाल आता बाहेरच्या गारठ्यातून उष्णता उचलून आत आणतो. तारांचा हीटर एका युनिटाची एका युनिटाएवढीच उष्णता देतो. हा प्रकार आपल्याकडच्या थंडीत एका युनिटावर तिप्पट उष्णता सहज आत आणतो. बर्फाळ प्रदेशात बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरण्याची कटकट असते, आमच्याकडे ती एकदाही झाली नाही.

तरीही पहिल्या डिसेंबरात पाय गारच राहिले. थंड हवा छतातून सोडली की आपोआप खाली येते, गरम हवा वरच तरंगते. आमच्या ग्रिलची फेक थंड हवेचा विचार करून आडवी ठेवलेली होती. छताजवळ २९ आणि टेबलाखाली १८ असा फरक मी मोजला. ग्रिलच्या पट्ट्या खाली वळवल्यावर आणि छताचे पंखे अगदी मंद फिरवल्यावर तो निम्मा झाला. आता दिवाळीनंतर पट्ट्या खाली आणि होळीला पुन्हा आडव्या, असा रिवाज पडला आहे. गरम करण्याच्या कामाला मी या यंत्रणेला पैकीच्या पैकी गुण देणार नाही.

देखभालीच्या कराराबाबत मात्र आम्ही शहाणे झालो. पहिल्या वर्षीच्या करारात ‘तिमाही सर्व्हिसिंग’ एवढेच दोन शब्द होते, आणि ते काम म्हणजे फिल्टर झटकणे व सही घेणे. आता प्रत्येक भेटीत परतीच्या हवेचे तापमान, ग्रिलमधल्या हवेचे तापमान, कॉम्प्रेसरचे अँपिअर आणि दोन्ही बाजूंचे दाब लिहिल्याशिवाय बिल मंजूर होत नाही. यांतले पहिले दोन आकडे कुणीही साध्या थर्मामीटरने घेऊ शकतो. आमच्याकडे परतीची हवा २५ असताना ग्रिलवर १४ ते १५ मिळतात. हे अंतर एकदम वाढले तर हवा कमी वाहते आहे, फिल्टर पाहावा. कमी झाले तर कॉइल, गॅस किंवा कॉम्प्रेसर पाहावा. सिमेंट रस्त्यांची धूळ इतकी आहे की फिल्टर आम्ही दर पंधरा दिवसांनी स्वतःच धुतो. मेकॅनिक बदललेला नाही. तोच येतो, आणि गेल्या उन्हाळ्यात पॅनेलवरचा दिवा पाहून मगच शिडी चढला, हे मी समाधानाने नोंदवतो.

एक तक्रार उरली आहे आणि ती मिटण्याचे चिन्ह नाही. पहिले यंत्र सभागृहाच्या पूर्व टोकाला छताखालीच टांगले आहे आणि त्याची परतीची जाळी लहान असल्याने हवा तिच्यातून घरघरत जाते. आवाज मोठा नाही, पण शांत सभागृहात तो सतत ऐकू येतो. जाळी दुप्पट करायची तर बीम आडवा येतो, आणि यंत्र बाहेर न्यायचे तर डक्ट नव्याने करावा लागतो; कंत्राटदाराने त्याचे सव्वा लाख सांगितले आहेत आणि समितीने विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. तोवर त्या जाळीखालच्या बारा खुर्च्या रोज सर्वांत शेवटी भरतात.